पिलान्सबर्ग सफारी: तीन तासांच्या ट्रकवर भागवू नका

साउथ आफ्रिकेच्या कुठल्याही ग्रुप टूरचा कागद काढून बघा, जोहान्सबर्गनंतर 'सन सिटी आणि पिलान्सबर्ग गेम ड्राइव्ह' ही ओळ असतेच. कोल्हापुरातनं जाणाऱ्या ग्रुपलाही तेच. दिवसभर सन सिटीत कॅसिनो, लाटांचं तळं, फोटो आणि मग संध्याकाळी उघड्या ट्रकात बसवून तीन तास जंगल. घरी आल्यावर लोक सांगतात सिंह दिसला किंवा नाही दिसला, विषय संपला. मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात भारी जागा हीच आणि तिलाच सगळ्यात कमी वेळ. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

जोहान्सबर्गहून गाडीनं अडीच-तीन तास लागतात. जंगल साधारण साडेपाचशे चौरस किलोमीटरचं, म्हणजे क्रुगर या साउथ आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या जंगल पार्कच्या मानानं चिमुकलं. पण इथं मलेरिया नाही, आणि लहान पोरं आणि सत्तरीची आई बरोबर असताना हे लई महत्त्वाचं आहे, गोळ्यांची भानगडच नको. डोंगर गोल गोल कड्यांसारखे एकात एक बसलेत आणि मधोमध मांक्वे धरण. हा सव्वाशे कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी. ट्रकवाले 'क्रेटर क्रेटर' करतात, पण ज्वालामुखीचं तोंड कधीच झिजून गेलंय, आपण फिरतो ते त्याच्या पोटातनं. आपल्या पन्हाळ्याचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, तेवढ्यावर आपण किती मिरवतो!

आता खरी गंमत. हे जंगल मुळात असं नव्हतंच. सत्तरच्या दशकापर्यंत इथं शेतं होती, गोऱ्या शेतकऱ्यांची गुरं, तारांची कुंपणं, घरं. रानातली जनावरं जवळपास संपलेली. हा भाग तेव्हा बोफुथात्स्वाना नावाच्या, वर्णभेदाच्या काळात वेगळ्या काढलेल्या मुलखात होता. बाकी साउथ आफ्रिकेत जुगाराला बंदी, इथं नाही, म्हणून 1979 साली सन सिटी उभी राहिली आणि त्याच साली शेजारी हे पार्क सुरू झालं. शेतं घेतली, बाकगात्ला समाजाची जमीनही त्यात आली, घरं पाडली, बाहेरची झाडं उपटली, 110 किलोमीटरचं कुंपण घातलं आणि मग बाहेरनं सुमारे 6 हजार जनावरं आणून सोडली. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन जेनेसिस. सिंह तर पार 1993 मध्ये आले, तेही नामिबियातल्या एटोशा पार्कहून. म्हणजे आज जो झेब्रा तुमच्या गाडीसमोर निवांत उभा असतो त्याच्या पणजीला कुणीतरी ट्रकातनं इथं उतरवलेलं आहे. हे माहीत असलं की बघायची नजरच बदलते, आणि ट्रकमधे हे कुणी सांगत नाही.

त्या ट्रकविषयी. आमच्या टूरवाल्यानं (नाव घेत नाही, कोल्हापुरातलाच आहे, रोज तोंड बघायचंय) ज्यांच्याकडं बुकिंग केलेलं त्यांचा ट्रक वीस-बावीस सीटचा. गाइडच्या कानाला वायरलेस. कुठं सिंह दिसला म्हटलं की आजूबाजूच्या सगळ्या गाड्या तिकडं पळतात, मग भेळेच्या गाडीभोवती रविवारी रंकाळ्यावर जशी गर्दी होते तशी. सिंहीण बिचारी झुडपाखाली आडवी, तिचा एक कान आणि शेपटीचं टोक दिसतंय, आणि आमच्या ग्रुपमधले एक काका मोठ्यानं "अहो ती उठत का नाही, हॉर्न मारायला सांगा की!" गाइडला मराठी कळत नाही हे आमचं नशीब. आणि या सगळ्या पळापळीत वाटेतली कुडू, इम्पाला ही हरणं, रस्त्याच्या कडेला माती उकरणारी वॉर्टहॉगची, म्हणजे तिकडच्या रानडुकराची, पिल्लं, कशालाच थांबायचं नाही. ट्रक वाईट असतो असं नाही, उंचावरनं लांबचं चांगलं दिसतं आणि गाइडची नजर तयार असते, त्यानं अंधार पडताना एक ब्राउन हायना दाखवला तो आम्हाला जन्मात दिसला नसता. पण फक्त तेवढंच करून परत येऊ नका.

थंडीचं सांगायलाच पाहिजे. आपल्या मे-जूनला तिथं हिवाळा. कोल्हापुरात घामानं शर्ट चिकटलेला असताना बॅग भरतो आपण, स्वेटर कोण घेणार! पहाटेच्या उघड्या ट्रकात बोटं वाकत नाहीत, डोळ्यातनं पाणी, नाक गेलं. ट्रकात एक गोधडीवजा ब्लँकेट देतात ते दोघांत एक. कानटोपी, हातमोजे, जाड जॅकेट असं सगळं न्या, दहा वाजता काढून ठेवा. पण बघायला हाच सीझन बरा, गवत वाळून बसलेलं असतं, पाणी ठराविक जागीच उरतं, त्यामुळं जनावरं तिथं येतातच. आपल्या दिवाळीपासून पुढं तिकडं पाऊस सुरू होतो, हिरवंगार छान दिसतं पण गवतात अख्खा सिंह मावतो.

ग्रुप केपटाउनला गेला, मी, बायको, मेव्हणा आणि त्याचा पोरगा मागं राहिलो आणि भाड्यानं साधी गाडी घेऊन आत शिरलो. आईला ग्रुपबरोबर पुढं पाठवलं, तिला तिच्या मैत्रिणी होत्या. गाडी उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, रस्त्याची बाजू आपलीच, मुख्य रस्ते डांबरी, मोठ्या जीपची गरज अजिबात नाही. इंटरनॅशनल परमिट आपल्या आरटीओतनं काढून न्या, गाडी देणारे मागतात. गेटवर नकाशा घ्या. आणि मग नियम दोनच, ठराविक जागा सोडून गाडीतनं उतरायचं नाही आणि घाई करायची नाही. मेव्हण्याला दुसरं जमत नव्हतं, तो पहिल्या तासात "पुढं चल, पुढं चल" करत होता, नंतर त्यालाच एका जिराफाचं पाणी पिणं बघायला वीस मिनिटं लागली. पाय फाकवतो, मान खाली आणतो, परत वर घेतो, इकडं बघतो तिकडं बघतो, परत फाकवतो. पिणार कधी बाबा!

हत्तींचा किस्सा मात्र आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या एका छोट्या जीपच्या गाइडनं सांगितला, आणि मी घरी येऊन वाचून खात्री करून घेतली, खरा आहे. क्रुगरमध्ये हत्ती जास्त झाले म्हणून मारायचे, त्यात अनाथ झालेली पिल्लं इथं आणून सोडली. मोठे हत्ती तेव्हा हलवायची सोयच नव्हती. पिल्लं वाढली, वयात आली, नर माजावर आले, आणि वरती दटावणारा एकही थोरला नाही. 1992 ते 1997 मध्ये या पोरांनी चाळीसच्या वर पांढरे गेंडे मारले. गेंडे! सुरवातीला कळेचना कोण मारतंय. मग 1998 मध्ये क्रुगरहून सहा थोराड नर आणले. मोठा नर समोर असला की पोरांचा माज उतरतो, टिकत नाही. गेंडे मरायचे थांबले. हे गाइड सांगत होता तेव्हा समोर रस्ता ओलांडत एक कळप चाललेला, आणि सगळ्यात मागनं एक नर आला, सुळा एका बाजूचा तुटका, आमच्या जीपकडं तोंड करून थांबला, कान पसरले, सोंडेचं टोक आमच्या दिशेनं वळवळतंय. गाइडनं इंजिन बंद केलं. कुणी श्वास घेत नव्हतं. त्यानं आमचा वास घेतला, काही दम नाही यांच्यात असं ठरवलं असणार, आणि गेला. बायकोनं माझ्या दंडाला धरलेलं त्याचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

आपल्याकडं आता चांदोलीत ताडोबातनं वाघीण आणून सोडलीय, सह्याद्रीत परत वाघ वाढवायचं चाललंय, त्याच्या बातम्या आल्या की मला आता हे हत्ती आठवतात. जनावर आणून सोडलं म्हणजे काम झालं असं नसतं, त्याच्या मागनं वीस-वीस वर्षं बघत बसायला लागतंय. बाकी आफ्रिकेतनं जनावर आणायचं कौतुक कोल्हापूरला नवीन नाही. संस्थानच्या काळात आपल्याकडं आफ्रिकेतले चित्ते आणून शिकारीला पाळायचे. तेव्हा तिकडचं जनावर इकडं आणलं ते शिकार करायला, आणि आज न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेली जनावरं बघायला तिकीट काढतो आपण. असो, हा वेगळाच विषय आहे.

गेंडे आम्हाला दिसले, आई आणि पिल्लू, अगदी जवळ. पण आईचं शिंग कापलेलं, नाकावर नुसता सपाट खुंट. मेव्हण्याचा पोरगा हिरमुसला, फोटोत गेंडा वाटतच नाही म्हणाला. चोरट्या शिकारीमुळं मुद्दाम कापतात. शिंग म्हणजे आपल्या नखाचाच पदार्थ, दुखत नाही, बेशुद्ध करून कापतात, ते परत वाढतं आणि दोनेक वर्षांनी परत कापायला लागतं. गाइडनं सगळ्यांना बजावलं, गेंड्याचा फोटो टाका पण जागा टाकू नका, फोनचं लोकेशन बंद ठेवा. तुम्हीही ठेवा.

पैसा वसूल जागा कुठली विचाराल तर मांक्वेचा हाइड. गाडी लावायची, दोन्ही बाजूंनी बंद केलेल्या वाटेनं चालत जायचं आणि पाण्याच्या कडेला लाकडी खोलीत बाकावर बसायचं. बस्स. वेगळं तिकीट नाही, गाइड नाही. सुरवातीची पंधरा मिनिटं काहीच नाही असं वाटतं. मग कळतं समोरचे दगड म्हणजे पाणघोडे आहेत. फुस्स करून एकानं पाणी उडवलं तेव्हा मेव्हण्याचा पोरगा दचकून माझ्या पायावर उभा. मगर वाळूत तोंड उघडं टाकून पडलेली. आणि समोरच्या वाळक्या फांदीवर काळा-पांढरा खंड्या, आपल्याकडं दिसतो तोच, जातही तीच, जाग्यावर फडफडत थांबायचा आणि सरळ पाण्यात सूर. आफ्रिकेत जाऊन खंड्या बघत बसलो म्हणून घरी चेष्टा झाली, होऊ दे. काही गोरे आजी-आजोबा थर्मास, दुर्बीण घेऊन सकाळपासून तिथंच बसलेले, एक शब्द बोलत नव्हते. आपल्या माणसांनी जाताना तेवढं सांभाळा, व्हिडिओ कॉल लावून "हे बघ हिप्पो" करायची ही जागा नव्हे.

जेवणाचं थोडक्यात. पार्कच्या मध्यावर पिलान्सबर्ग सेंटर आहे, जुनी कोर्टाची इमारत, तिथं आता खाणं, दुकान, टॉयलेट. बाहेरच्या ओट्यावर बसलं की समोर जनावरं येतात, आमच्या समोर वाइल्डबीस्ट आणि झेब्रे होते आणि ताटात बर्गर. शाकाहारी माणसाला चिप्स, सँडविच, संपलं. आमच्या राहायच्या जागी रात्री शेगडीवर मटण भाजून द्यायचे, मटण एक नंबर पण मीठ सोडून त्याला काही लावायचं असतं हे त्यांना मान्य नाही. आम्ही कांदा-लसूण चटणीचा डबा नेलेला, शेजारच्या टेबलावरच्या एकानं हौसेनं घेतली आणि मग त्याचा जो चेहरा झाला! भडंगही न्या, पण गाडीच्या काचा बंद करून खा. बबून माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. पिकनिकच्या जागेवर एका कुटुंबाचा पूर्ण ब्रेडचा पुडा आमच्या डोळ्यादेखत झाडावर गेला.

न आवडलेलं? लहान पार्क असल्यामुळं वीकेंडला गाड्या फार, जोहान्सबर्गची सगळी मंडळी येतात. सोमवार ते गुरुवार बघून जा. काही ठिकाणी उंचावर गेलं की लांबवर सन सिटीच्या बाजूच्या इमारती आणि खाणी दिसतात, अथांग रान वगैरे डोक्यात घेऊन जाणाऱ्याचा मूड जातो. बिबट्या आम्हाला दिसला नाही, रानकुत्रीही दिसली नाहीत. ज्याला हजारोंच्या संख्येनं जनावरं पळताना बघायचीत त्यानं केनिया-टांझानिया करावं, हे ते नव्हे. आणि दाजीपूरला गव्याची वाट बघत बसायची ज्याला सवय आहे त्याला इथं जनावरं जरा फारच सोपी दिसतात, असं माझं प्रामाणिक मत.

पैशाचं म्हणाल तर स्वतःची गाडी घेऊन चौघांत फिरलं की माणशी खर्च ट्रकपेक्षा बराच कमी येतो, पार्कची फी वेगळी भरायची. टूरवाल्याला आधीच सांगा की आम्हाला इथं किमान दोन रात्री पाहिजेत, तो "काय बघणार तिथं दोन दिवस" म्हणेल, ऐकू नका. ट्रकची फेरी एकच करायची तर पहाटेची करा. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरनं असेल तर यलो फिव्हरच्या लशीचं आधीच विचारून घ्या. आणि मे ते ऑगस्ट गेट सकाळी साडेसहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद. आत चाळीसच्या स्पीडनं चालवावं लागतं आणि परतीच्या वाटेवर हत्ती आडवा आला तर तो हलेपर्यंत थांबायला लागतंय, तेव्हा साडेचारलाच गेटकडं वळा.