चर खोदताना आधार कशाचा: बल्ल्या, ट्रेंच बॉक्स की हायड्रॉलिक शोरिंग?

चर दीड मीटरपेक्षा खोल गेला की बाजूंना आधार द्या, असं आयएस ३७६४ हे भारतीय मानक सांगतं. आधार कुठला, ते जागा पाहून ठरवायचं. मुंबईत मलवाहिनी किंवा पाण्याची लाइन बदलायला निघालेल्या सोसायट्यांसाठी आणि छोट्या ठेकेदारांसाठी हे लिहितोय.

बाजू उतरत्या कापणं इथे बादच समजा. सैल मातीत दर मीटर खोलीला प्रत्येक बाजूला आडवा दीड मीटर उतार लागतो. तीन मीटर खोल आणि तळाशी एक मीटर रुंद चराचं तोंड दहा मीटर होईल. गिरगावच्या गल्लीत एवढी जागा आणायची कुठून?

बल्ल्या-फळ्या स्वस्त पडतात, सुतार लगेच मिळतो. आडवी केबल आली तर फळी कापून बसवता येते, ही सोय मोठी आहे. पण आडवी बल्ली घट्ट बसवायची पाचर ठोकायला माणसाला आधार नसलेल्या चरात उतरावं लागतं. घनमीटरभर माती दीड-दोन टनांची असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरू शकतो. शिवाय लाकूड सुकलं की आकसतं आणि पाचर ढिली पडते. माझा बल्ल्यांना विरोध आहे तो यामुळेच.

हायड्रॉलिक शोरिंग म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या आणि मध्ये सिलिंडर. ती मिटवून वरूनच चरात सोडतात आणि काठावरून हाताने पंप मारतात. पट्ट्या दोन्ही भिंतींना टेकतात, गेजचा काटा कंपनीने दिलेल्या दाबापर्यंत चढला की व्हॉल्व्ह बंद. काढायचं तेही वरूनच. माती सरकायच्या आधीच तिच्यावर दाब बसतो, त्यामुळे शेजारच्या रस्त्याला आणि जुन्या पाइपलाइनलाही आधार मिळतो. केबल पाहून पट्ट्या थोड्या मागेपुढे घेता येतात, मात्र चराच्या लांबीत दोन जोड्यांमधलं अंतर कंपनीच्या तक्त्यातल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये.

ट्रेंच बॉक्स म्हणजे चरात उतरवायची दोन भिंतींची तयार पेटी. तो आतल्या माणसाला वाचवतो, बाहेरची माती थोपवायचं काम त्याचं नाही. तो उचलायला मोठं मशिन लागतं आणि आडव्या वाहिन्यांपाशी तो अडतो. मोकळ्या, रुंद रस्त्यावर लांब सरळ लाइन असेल तर मात्र तोच घ्यावा.

गल्लीतल्या कामाला माझी पसंती हायड्रॉलिकलाच, पण जमीन पाहून. भरावाच्या जागेत किंवा खाडीकाठच्या चिखलात नुसत्या पट्ट्यांमधून माती निसटते, तिथे मागे जाड प्लायवूडचे पॅनेल हवेत. भरतीबरोबर पाणी चढत असेल आणि माती वाहून येत असेल, तर शीट पाइलच, म्हणजे एकमेकांत अडकवून जमिनीत ठोकलेले पत्रे, तेही इंजिनिअरकडून डिझाइन करून. रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर कुणी तरी जाणत्याने सिलिंडरची गळती आणि काठावरच्या भेगा पाहायच्या, मगच माणूस खाली.

कोटेशन मागवताना शोरिंगचा दर वेगळा लिहून घ्या. ‘खोदकामात समाविष्ट’ एवढंच लिहिलं असेल, तर साइटवर बहुधा चार बल्ल्याच येतात.