बालिच की दुव्न्याक?

क्रोएशियाच्या हँडबॉलमध्ये ही दोन नावं शेजारी ठेवल्याशिवाय गप्पा रंगत नाहीत. दोघेही सेंटर बॅक, म्हणजे मधोमध राहून आक्रमण रचणारे, दोघेही झाग्रेब क्लबकडून खेळले, पण दोघांच्या वाटा फार वेगळ्या.

स्प्लिट शहरातला इवानो बालिच देशासाठी मोठी सुवर्णं जिंकला: 2003 चं विश्वविजेतेपद, 2004 चं अथेन्स ऑलिंपिक सुवर्ण. शिवाय 2003 व 2006 मध्ये जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब. नजर एका बाजूला आणि चेंडू भलतीकडेच, गोलसमोर बचावपटूंच्या गर्दीत अडकलेल्या पिव्होटच्या हातात! ते बघताना आजही अंगावर काटा येतो. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, मात्र त्याला कधीच मिळाली नाही.

दोमागोय दुव्न्याकचं नेमकं उलटं. हॅम्बुर्ग आणि कील या जर्मन क्लबांकडून, अनुक्रमे 2013 आणि 2020 मध्ये, त्याने ती लीग जिंकली. 2013 चा सर्वोत्तम खेळाडूही तोच. देशासाठी मात्र रौप्य आणि कांस्यच. 2025 च्या विश्वचषकात अंतिम सामना डेन्मार्कविरुद्ध हरून त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.

बरेच संघ बचावाला वेगळा खेळाडू उतरवतात. दुव्न्याक दोन्ही टोकांना झुंजायचा, तेही गुडघ्याची दुखणी सोसून. प्रतिभेत बालिच सरस, यात वाद नाही. पण संघ उभा करायचा झाला, तर मी आधी दुव्न्याकला घेईन.