ट्रकच्या टर्बोचं जेट इंजिन गो-कार्टवर: आठ महिन्यांचा अनुभव

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, काकांचं लेथचं वर्कशॉप आहे. तिथेच ट्रकच्या जुन्या टर्बोचार्जरपासून (इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा भाग, थोडक्यात टर्बो) आम्ही छोटं गॅस टर्बाइन बनवलं आणि गो-कार्टच्या पाठीवर बसवलं. आठ महिने, रविवारी, बंद आवारात ते चालवतोय. रस्त्यावर एकदाही काढलं नाही, काढणारही नाही.

टर्बोचा कंप्रेसर हवा दाबतो, ती स्टेनलेस स्टीलच्या पाइपच्या चेंबरमध्ये जाते, तिथे एलपीजी जळतो आणि तापलेला वायू टर्बाइनचं चाक फिरवून मागून बाहेर पडतो. त्या झोताच्या धक्क्याने कार्ट पुढे जाते. सुरू करताना पानं उडवायचा ब्लोअर तोंडाशी धरायचा, स्पार्क द्यायचा, गॅस हळूहळू वाढवायचा. घरघर थांबून शिट्टी सुरू झाली की ब्लोअर काढला तरी चाक आपलं आपण फिरत राहतं. पहिल्यांदा ती शिट्टी लागली तेव्हा काकांनी माझा दंड घट्ट धरला होता. कलाभवनात, बडोद्याच्या जुन्या तांत्रिक शिक्षणसंस्थेत, शिकलेला, चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. डोळे भरून आले होते त्यांचे.

आता गाडी म्हणून कसं आहे? ताणकाट्यावर जोर भरला १२ किलो. मी आणि कार्ट मिळून १४० किलो. ताशी २० किलोमीटर गाठायला आठ-नऊ सेकंद लागतात. हिशेब मांडला तर त्या वेगाला गाडीच्या वाट्याला एक हॉर्सपॉवरसुद्धा येत नाही, आणि गॅस मात्र मिनिटाला पाव किलोच्या वर जातो. भर मे महिन्यात १९ किलोच्या बाटल्यावर चार मिनिटांत पांढरं बर्फ धरलं, दाब पडला आणि शिट्टी खाली आली. दोन बाटले जोडल्यावर तो त्रास गेला.

दोष टर्बाइनला देऊ नका. वायूचा झोत विमानाच्या वेगाला कामाचा. सायकलच्या वेगाला बहुतेक ताकद मागच्या हवेत जाते. गाडीची चाकं फिरवायची तर त्या वायूच्या वाटेत दुसरं, वेगळं टर्बाइन ठेवून शाफ्टवर ताकद घ्यायची आणि गिअरने फेरे उतरवायचे. अमेरिकेतल्या एमटीटी वाय२के मोटारसायकलमध्ये हेच आहे: हेलिकॉप्टरमध्ये वापरलं जाणारं अॅलिसन २५० इंजिन, सुमारे ३२० हॉर्सपॉवर, पुढे गिअरबॉक्स.

तरीही दोन अडचणी उरतात. पेडल दाबल्यावर आमच्या कार्टला जाग यायला तीन सेकंद लागतात, कारण आधी टर्बाइनच्या चाकाचे फेरे चढावे लागतात. आणि उभ्या गाडीतही कंप्रेसर फिरताच ठेवावा लागतो. टर्बाइनच्या कामातला मोठा हिस्सा, साधारण दोन-तृतीयांश, तोच खातो. क्रायस्लरने १९६३ पासून ५० टर्बाइन गाड्या २०० हून अधिक सामान्य लोकांना आळीपाळीने वापरायला दिल्या होत्या. बाहेर जाणाऱ्या वायूची उष्णता परत घेणारी फिरती चाकं त्यात बसवली होती. तरी उशिरा मिळणारा पिकअप आणि इंधनाचा खर्च ह्या तक्रारी राहिल्याच. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या सिग्नलवर असलं इंजिन नकोच. एकाच वेगाने तासन् तास चालायचं काम द्या, मग बघा.

सगळ्यात जास्त शिकवलं तेलाने. भंगारवाल्याने “एकदम ओके” म्हणून दिलेल्या पहिल्या टर्बोचं सील गळकं निघालं आणि निळा धूर गेटपर्यंत पोचला. दुसरा मीच बिघडवला: बंद केल्या केल्या तेलाचा पंपही बंद केला. आत साचलेल्या उष्णतेने तेल करपलं, बेअरिंगवर काळी खरपुडी जमली. उघडल्यावर ती नखाने निघेना. तेव्हापासून गॅस बंद केला की दहा मिनिटं पंप आणि ब्लोअर चालूच. आणि चालू असताना टर्बाइनच्या चाकाच्या रेषेत, बाजूला कुणालाही उभं राहू देत नाही. चाक फुटलं तर तुकडे त्याच दिशेने सुटतात.

आता आणखी एका टर्बोचं फक्त टर्बाइन पुढच्या टप्प्यासाठी घेतलंय. त्याचा शाफ्ट काका लेथवर लावून बघताहेत. मला अजून गिअरबॉक्स मिळायचा आहे.