कोबाल्ट ब्लू : एकाच माणसावर दोघांचं प्रेम

सचिन कुंडलकरांची ही छोटी कादंबरी मौज प्रकाशनाने 2006 मध्ये काढली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट येतो आणि तनय व अनुजा ही भावंडं एकमेकांना न सांगता त्याच्या प्रेमात पडतात. त्याला शेवटपर्यंत नाव नाही.

खरी करामत रचनेत आहे. आधी तनय बोलतो, तोही थेट त्या निघून गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणत. त्यामुळे काळ मागेपुढे उड्या मारतो. सुरुवातीची काही पानं कोण, कधी, कुठे याचा पत्ता लागत नाही. तिथेच पुस्तक मिटणारे वाचक बरेच. थोडा धीर धरा. मग अनुजाची डायरी येते, सरळ आणि जरा रागीट. तेच घर, तोच माणूस, पण तपशील जुळत नाहीत. अनुजाचा भाग संपला की तनयची पहिली काही पानं पुन्हा वाचा, त्याला काय दिसलंच नव्हतं ते लख्ख कळतं.

उणीव एकच. आई-वडील आणि थोरला भाऊ फारच ठोकळेबाज उतरलेत. दोघांचा एकटेपणा ठळक करायला ते उभे केलेत की काय, असं वाटत राहतं.

जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद चांगला आहे. 2022 चा नेटफ्लिक्सवरचा चित्रपट मात्र नंतरच बघा. तो खुद्द कुंडलकरांचाच, पण कथा केरळात नेलेली, आणि पुस्तकातली ती दोन आवाजांची ओढाताण त्यात उरत नाही.