ऑनलाइन मागवलेला किल्ट: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

आधी निष्कर्ष सांगतो. कापड उत्तम आहे, शिलाई नीट आहे, बक्कलं आणि पट्टे मजबूत आहेत. तरीही हा किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा कमरेभोवती गुंडाळायचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा पोशाख) जसा पार्सलमधून आला तसा मला घालण्याजोगा नव्हता. आज तो अंगावर छान बसतो, पण त्याचं श्रेय विकणाऱ्याला नाही. ते इथल्या एका किल्ट शिवणाऱ्या बाईंना आहे. मधल्या काळात किल्टच्या मापांबद्दल जे शिकलो ते सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्या उंचीच्या माणसांना ही अडचण हमखास येणार.

मी स्कॉटलंडमधल्या एडिंबरात राहतो. इथे मित्रांची लग्नं, ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे, २५ जानेवारीची बर्न्स नाइट (कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणाची रात्र) असे किल्ट घालण्याचे प्रसंग वर्षभर येत राहतात. भाड्याने सहज मिळतो, पण मला स्वतःचा हवा होता. हाताने शिवलेल्या आठवारी किल्टला, म्हणजे आठ यार्ड कापडाच्या किल्टला, इथे ५०० पौंडांच्या वर मोजावे लागतात आणि चांगल्या कारागिराकडे महिनोन्महिने थांबावं लागतं. मित्राचं लग्न जवळ होतं. म्हणून ब्रिटनमधल्याच एका ऑनलाइन दुकानातून 'मापानुसार शिवून' मागवला. यार्डाला १३ औंस वजनाची वर्स्टेड (घट्ट पिळाच्या गुळगुळीत धाग्याची) लोकर, टार्टन, म्हणजे चौकडीची नक्षी, आयल ऑफ स्काय. आपलं काही इथल्या कुठल्या कुळाशी नातं नाही, आणि हे टार्टन कुळाचं नसून प्रदेशाचं आहे. जांभळट-हिरवा रंग पाहताक्षणी आवडला होता आणि अजूनही तितकाच आवडतो.

माझी उंची पाच फूट पाच इंच. कळवलेली मापं अशी: बेंबीच्या पातळीवर कंबर ३४, सीट (नितंबांच्या सर्वांत रुंद जागेचा घेर) ३९, किल्टची एकूण उंची साडेबावीस इंच. किल्ट पँटसारखा खाली नसतो. तो बेंबीच्या आसपास बसतो, आणि पारंपरिक किल्टचा वरचा काठ कमरेच्याही दोन इंच वर जातो. त्यामुळे जीन्सवरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. माझी जीन्स ३२ ची आहे. ही मापं मी शिंप्याकडून घेऊन पाठवली होती आणि ऑर्डरच्या पावतीवर ती तशीच छापून आली होती.

पार्सल उघडून टेप लावला. कंबर ३४. सीट ३९. उंची २४.

दीड इंच म्हणजे फार नाही असं वाटेल. पण किल्टची खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर किंवा किंचित वर यायला हवी. लोकरी मोजे गुडघ्याखाली तीन-चार बोटांवर दुमडलेले असतात आणि मधला उघडा गुडघा दिसणं हाच त्या पोशाखाचा तोल आहे. माझा गुडघा पूर्ण झाकला जात होता आणि जिना चढताना कड पोटरीला लागत होती. घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे: किल्ट घालून ताठ गुडघ्यांवर बसायचं, कड जमिनीपासून साधारण एक इंच वर राहिली पाहिजे. माझा किल्ट जमिनीवर चक्क दुमडून पडत होता.

त्याहून मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीने. सीट टेपवर बरोबर ३९ होती, तरी अंगात घातल्यावर मागे ताण येत होता. पुढच्या सपाट भागावर, म्हणजे एप्रनवर, आडव्या सुरकुत्या पडत होत्या. उजव्या बाजूचं खालचं बक्कल ओढलं जात होतं. मोठं पाऊल टाकलं की मांड्यांना पट्टा बांधल्यासारखं वाटायचं. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की कंबर आणि सीट तुम्ही दिली तशीच आहे, फोटो पाहा. फोटो खरा होता. मग चूक कुठे होती?

ती समजायला किल्ट कसा शिवतात ते पाहावं लागतं. मागच्या पंचवीस-तीस चुण्या वरून खालपर्यंत शिवलेल्या नसतात. कमरेपासून सीटच्या सर्वांत रुंद जागेपर्यंत त्या टाके घालून एकमेकींना जोडतात आणि तिथून खाली मोकळ्या सोडतात. हा शिवलेला भाग कमरेकडे निमुळता होत जातो. म्हणजे किल्टला सीटचं माप कुठेही ३९ असून चालत नाही, ते तुमच्या सीटच्याच पातळीवर ३९ असावं लागतं. माझ्यासाठी वरच्या काठापासून ती जागा आठ इंचांवर होती. या किल्टमध्ये ती साडेनऊ इंचांवर होती. माझ्या सीटच्या जागी टेप धरला तेव्हा ३८ भरले. एक इंच कमी. आणि त्याखालचा दीड इंच शिवलेला भाग मांड्यांवर उतरत होता, जिथे चुण्या मोकळ्या असायला हव्या होत्या. साडेबावीसची ऑर्डर असताना त्यांनी सरळ चोवीस इंचांच्या, माझ्याहून उंच माणसाच्या बेतावर माझी कंबर आणि माझी सीट बसवली होती. घेर माझे होते, अंतरं दुसऱ्याची.

म्हणून माझं ठाम मत: किल्टच्या बाबतीत घेरापेक्षा उभी अंतरं महत्त्वाची. कमरेपासून सीटपर्यंत किती, कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत किती. कंबर पुढेमागे झाली तर बक्कलं सरकवून एखादा इंच सहज जुळवता येतो, पोट सुटलं किंवा उतरलं तरी लोक वर्षानुवर्षं तेच करतात. उभी अंतरं चुकली तर सगळा किल्टच चुकतो.

विकणाऱ्याने सुचवलं की खालून दीड इंच दुमडून शिवून घ्या, तेवढे पैसे देतो. याला मी साफ नकार दिला, आणि कुणीही द्यावा. चांगल्या किल्टला खाली दुमड नसतेच. कापडाचा विणलेला मूळ काठ हीच त्याची खालची कड. म्हणून तर चुण्या इतक्या सुरेख, हलक्या हलतात. आठ यार्ड कापड चुण्यांसकट दुमडून शिवलं की खाली जाड गोट तयार होतो, चुण्या फुगतात आणि त्यांची लय जाते. शिवाय लांबीची मूळ तक्रार मिटली तरी शिवलेला भाग खालीच राहतो. आजार जिथे आहे तिथे हातच लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये २०१३ च्या नियमांनुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू आवडली नाही तर मिळाल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करता येतो, पण मापाने शिवून घेतलेल्या कपड्याला ही सवलत नाही. दुकानदार हेच पुढे करतात. मात्र २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे वस्तू सांगितल्याबरहुकूम नसेल तर ती ३० दिवसांच्या आत नाकारता येते, आणि ही तरतूद मापाच्या कपड्यालाही लागू आहे. मी पावतीवरचं साडेबावीस आणि टेपवरचे चोवीस एकाच फोटोत पाठवले, दोन्ही नियम वेगळे कसे ते लिहिलं. त्यानंतर भाषा बदलली. नवा शिवून देऊ म्हणाले, पण त्याला लागणारा वेळ लग्नाच्या पलीकडे जात होता, आणि तोच बेत पुन्हा वापरला जाणार नाही याची मला खात्री वाटेना. शेवटी दुरुस्तीचा खर्च निघेल इतकी रक्कम परत घेऊन किल्ट ठेवला. ज्यांना प्रसंगाची घाई नाही त्यांनी सरळ परत करावा.

लग्नात तो तसाच घातला. दीड इंच वर ओढला की कड आणि सीट दोन्ही आपापल्या जागी येत होत्या, पण वरचा काठ बरगड्यांना टेकायचा आणि माझ्या कमरेच्या जागी किल्ट ३५ भरायचा. वास्कटाखाली ते झाकलं गेलं. जेवणापर्यंत ठीक. मग केलीचे, म्हणजे स्कॉटिश पद्धतीचे सामूहिक, नाच सुरू झाले. 'स्ट्रिप द विलो'मध्ये जोडीदाराबरोबर गरगर फिरावं लागतं, त्यात किल्ट हळूहळू खाली सरकत गेला आणि मला प्रत्येक नाचानंतर बाहेर जाऊन तो वर घ्यावा लागला. वरचा रुंद चामडी पट्टा किल्ट धरून ठेवत नाही, हे इथे लक्षात ठेवा. तो शोभेचा. किल्ट टिकतो तो कमरेच्या निमुळतेपणावर आणि आतल्या तीन पट्ट्यांवर.

एडिंबरातल्याच लीथ भागात एक बाई घरी किल्ट शिवतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी किल्टला हात न लावता मला बूट काढून उभं केलं आणि बेंबी, सीट, गुडघा अशा तीन जागी खडूने खुणा केल्या. मग किल्ट उलटा करून अस्तराच्या आत बोटं घातली आणि कॅनव्हास आहे का ते पाहिलं. हा कॅनव्हास चुण्यांच्या मागून आडवा जातो आणि पट्ट्यांचा ताण स्वतःवर घेतो. तो नसला की तो ताण चुण्यांच्या टाक्यांवर येतो आणि काही वर्षांत शिलाई उसवते. माझ्या किल्टमध्ये तो होता, आणि तो चांगला होता. त्यांच्या मते याच कारणाने हा किल्ट दुरुस्त करण्यालायक होता. स्वस्तातल्या ॲक्रिलिक किल्टमध्ये बहुधा तो नसतो आणि मग त्यावर मेहनत घेण्यात अर्थ नसतो.

काम असं झालं. वरची पट्टी आणि अस्तर उसवलं. वरून दीड इंच कापलं. आता नवी कंबर पूर्वीपेक्षा दीड इंच खाली आली, आणि तिथे किल्ट एक इंच मोठा होता. तो इंच एका जागी दाबून चालत नाही, टार्टनच्या उभ्या रेषा वाकड्या होतात. त्यांनी चुण्यांचे वरचे टाके उसवून प्रत्येक चुणी मिलिमीटरपेक्षाही कमी आत घेतली, हाताने. सगळ्या चुण्या मिळून तो इंच भरून निघाला. मग कॅनव्हास पुन्हा बसवला, पट्टे आणि बक्कलं वर घेतली, नवं सुती अस्तर लावलं. खर्च नव्या हातशिलाईच्या किल्टच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका. मला तो अजिबात जास्त वाटला नाही. त्या चुण्या जवळून पाहिल्यावर कुणालाही वाटणार नाही.

पहिल्यांदा घातला तेव्हा आधी पाठ जाणवली. मागचा ताण गेला होता. चालताना चुण्या डावी-उजवीकडे सारख्या उघडमीट करत होत्या, एप्रन सपाट, गुडघा मोकळा. बर्न्स नाइटला रात्रभर नाचलो आणि एकदाही किल्टला हात लावावा लागला नाही.

राजालाही ही चूक चुकली नव्हती, फक्त उलट्या दिशेने. १८२२ साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सगळा समारंभ टार्टनमय केला होता. राजाने त्यासाठी प्रचंड खर्चून पोशाख शिवला, पण किल्ट गुडघ्याच्या बराच वर राहिला आणि खाली गुलाबी घट्ट विजार होती. डेव्हिड विल्कीने १८२९ मध्ये काढलेल्या चित्रात मात्र ती विजार नाही, गुडघे उघडे आहेत. इतका पैसा ओतूनही जे जमलं नाही ते चित्रकाराला दुरुस्त करावं लागलं, यावरून गुडघ्याजवळच्या त्या दोन इंचांना केवढं महत्त्व आहे ते कळतं.

वापराबद्दल. १३ औंस कापड माझ्यासाठी योग्य ठरलं. गर्दीच्या हॉलमध्ये १६ औंसवाले मित्र घामाघूम होतात. पण समुद्राकडच्या वाऱ्यात त्यांचा किल्ट जागेवर राहतो आणि माझा उडू पाहतो, हे मान्य करायला हवं. अख्खा किल्ट दीड किलोच्या आसपास भरतो. बसताना मागून तळहात फिरवून चुण्या सरळ करून बसायचं, ही सवय आठवड्याभरात अंगवळणी पडते. पुढे एकावर एक असे दोन एप्रन येतात; शोभेची पिन लावाल तर फक्त वरच्या एप्रनला, दोन्हींतून ओवली की चालताना कापड फाटतं. धुवायचा नाही. पावसात भिजला तर हवेशीर जागी वाळवायचा, मऊ ब्रशने झटकायचा, ड्राय क्लीनिंग अगदी क्वचित. इस्त्रीआधी प्रत्येक चुणीला खाली कच्चा टाका घालायचा आणि ओलसर सुती फडक्यावरून दाबायचं. कंटाळवाणं काम आहे, पण टाका न घालता इस्त्री केली की एकेक चुणी सरकत जाते.

उन्हाळ्यात सातारला घरी गेलो तेव्हा सोबत नेला. घडी घालून नाही, चुण्या लांबीत सरळ करून गुंडाळी करून, आणि ती गुंडाळी जुन्या नायलॉनच्या स्टॉकिंगमध्ये सरकवून. बॅगेतून जसाच्या तसा निघाला. आईने चुण्यांचे टाके उलटसुलट करून बराच वेळ पाहिले आणि हे हाताने केलंय का, असं विचारलं.

दोष जे उरले ते दोन. वरचा काठ कापल्यामुळे टार्टनची आडवी पट्टी कमरेला मध्येच तुटते, वास्कट नसताना ते दिसतं. आणि जुन्या पट्ट्यांच्या टाक्यांची भोकं डाव्या बाजूला जवळून पाहिलं तर अजून दिसतात, ब्रशने ती हळूहळू बुजत आहेत.

ऑनलाइनच मागवणार असाल तर कंबर, सीट आणि एकूण उंचीबरोबर 'फेल डेप्थ', म्हणजे वरच्या काठापासून सीटपर्यंतचं अंतर, फॉर्ममध्ये रकाना नसला तरी लिहून पाठवा, आणि ते पाळणार असं ईमेलवर कबूल करून घ्या. आल्या दिवशीच टेप लावा, ३० दिवस पटकन जातात. या दुकानातून मी पुन्हा कापड घेईन, किल्ट नाही. पुढचा त्याच बाईंकडे सांगितला आहे, १६ औंसाचा. नंबर लागायला वेळ आहे.