अमूल आणि मदर डेअरी : मालकी कोणाची?

गुजरातमधील आणंद येथे १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या खेडा जिल्हा दूध संघातून ‘अमूल’ घडले. गावची संस्था, जिल्हा संघ आणि राज्य महासंघ अशा तीन पायऱ्यांमधून त्याची मालकी आजही दूध उत्पादकांकडेच आहे. मदर डेअरी मात्र १९७४ मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ या दूध उत्पादन वाढवण्याच्या देशव्यापी मोहिमेअंतर्गत दिल्लीला दूध पुरवण्यासाठी स्थापन झाली आणि ती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पूर्ण मालकीची आहे. टोकन टाकून सुटे दूध देणारी तिची केंद्रे ही शहरी ग्राहकांची मोठीच सोय होय.

फुल क्रीम दुधात दोघांकडेही ६ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे केवळ पिशवी पाहून निवड करणे कठीण आहे. शेतकऱ्याला निर्णयाधिकार देणारी अमूलची रचना मला अधिक मोलाची वाटते.