डीसी क्लॅम्प मीटर : हीटरच्या ब्लोअरसाठी घेतला, काही महिने वापरल्यानंतर

गाडीच्या हीटरचा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) पहिल्या तीन स्पीडला ढिम्म आणि चौथ्याला जोरात चालत असेल, तर कोणीही सांगेल की रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग, गेला. खरंच आहे ते. शेवटच्या स्पीडला करंट रेझिस्टरला वगळून थेट मोटरकडे जातो. पण माझ्या गाडीत नवा बसवलेला रेझिस्टरही लवकरच जळला. तो का जळतो हे शोधायला हा मीटर घेतला. वायरीभोवती जबडा अडकवला की हा तिच्यातला करंट दाखवतो.

ब्लोअरची मोटर पंधरा-वीस अँपिअर सहज ओढते, साधा मल्टीमीटर बहुधा 10 वर थांबतो. क्लॅम्पला वायर तोडावी लागत नाही. जबड्यात एकच वायर घ्यायची. जाणारी-येणारी दोन्ही घेतल्या तर आकडा शून्याजवळ येतो. घेताना डीसी करंट मोजतो ना, हे नक्की बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात.

माझ्याकडे फुल स्पीडला 26 अँपिअर दिसले, तेही पंखा मंद फिरत असताना. फ्यूज 30 चा, त्यामुळे तो उडत नव्हता. जास्तीचा ताप रेझिस्टर आणि कनेक्टर सोसत होते. मोटर काढली तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती बाही) कोरडा पडलेला, पंखा हाताने फिरवतानाही अडकत होता. मोटरच्या कनेक्टरची एक पिन तपकिरी झाली होती आणि भोवतीचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. ब्लोअर चालू ठेवून त्याच पिनेच्या दोन बाजूंना मीटरचे प्रोब लावले, तर सव्वा व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे तेवढा व्होल्टेज त्या जोडातच वाया. म्हणजे तीसेक वॅट उष्णता, जवळपास एक छोटी सोल्डरिंग आयर्न त्या एवढ्याशा पिनेत. लोड नसताना हाच जोड बिनधास्त 12 व्होल्ट दाखवतो, म्हणून ही तपासणी ब्लोअर चालू असतानाच करायची. अर्थची बाजूही तशीच बघा. तिथे ड्रॉप 0.2 व्होल्टच्या वर नको.

मोटर आणि कनेक्टर दोन्ही बदलले. तेव्हापासून फुल स्पीडला 17 च्या आसपास येतं आणि रेझिस्टर शाबूत आहे. केबिन फिल्टरही बदलला, कारण रेझिस्टर त्याच हवेवर थंड होतो.

मीटरबद्दल तक्रारी आहेत. झिरो सरकतो (करंट नसतानाही आकडा शून्यावर राहत नाही), प्रत्येक रीडिंगआधी झिरोचं बटण दाबावंच लागतं, तेही जबडा वायरीजवळ नेऊन आणि त्याच दिशेत धरून. जबडा जाड असल्याने डॅशबोर्डखाली शिरवताना हात सोलवटतो. ऐन मोजणीत तो आपोआप बंद पडतो, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. आणि गाडी उभी असताना बॅटरी कोण पितंय, ते मिलिअँपिअरचं काम याच्यावर सोपवू नका. तिथे साधा मल्टीमीटर सिरीजमध्ये लावलेलाच बरा.

ऑटो क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्यांत बहुधा रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. तिथे मधल्या स्पीडचं रीडिंग फसवं येऊ शकतं, तुलना फुल स्पीडवरच करा.